चार किलो दोनशेचं अनुष्ठान

इरावतीने बापाच्या अंगावर पहिल्यांदा दूध काढलं तेव्हा काशीतल्या दुर्गाघाटावरच्या यच्चयावत मंडळींनी यज्ञेशचं अभिनंदन केलं होतं. "गुळण्या टाकणारं पोर बाळसं धरतं," असं शेजारच्या वेणीमाधवकाकांनी सांगितलं. आता, वेणीमाधवकाकांनी सांगितलेलं दुर्गाघाटावर सहसा कुणी खोडून काढत नाही, कारण खोडून काढायला बसलं की संध्याकाळ होते. यज्ञेशनेही मान डोलावली आणि पंचा बदलला. दुपारपर्यंत चार पंचे बदलले. पंधरा दिवसांत घरातले सगळे पंचे विटले, पण पोरीने बाळसं काही धरलं नाही.

वेदमूर्ती यज्ञेश मणेरीकर, वय वर्षे चौतीस, रामघाटावरच्या वेदपाठशाळेत यजुर्वेद शिकवतो. तो घनपाठी आहे. घनपाठ म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मंत्र सरळ म्हणायचा नाही. पहिला शब्द, दुसरा शब्द; मग उलट, दुसरा, पहिला; मग पहिला, दुसरा, तिसरा; पुन्हा उलट; पुन्हा सुलट; आणि मग एक शब्द पुढे सरकून तेच सगळं परत. हे शिकायला यज्ञेशची बारा वर्षं गेली. इरावती मात्र ते पोटातूनच शिकून आली असावी. तिचं दूध आधी खाली जाई, मग वर येई, त्यातलं अर्धं पुन्हा खाली जाई आणि मग सगळंच वर.

इथवर हसण्यासारखं होतं. पण पुढे पुढे ती दूध पिताना पाठ धनुष्यासारखी ताणायची, लालबुंद व्हायची आणि असा टाहो फोडायची की खालच्या गल्लीतला बैलही उठून दुसऱ्या दारात जाऊन बसे. भूक तर सपाटून लागलेली, आणि दूध तोंडाशी नेलं की मान फिरवायची. कालिंदी, म्हणजे यज्ञेशची बायको, ग्वाल्हेरची मुलगी, सरकारी बँकेत अधिकारी, गिऱ्हाईक टेबलावर हात आपटत असलं तरी जिचा आवाज चढत नाही अशी बाई. ती पदराने डोळे पुसत बसायला लागली तेव्हा यज्ञेश दिसेल त्याला उपाय विचारत सुटला.

उपायांना तोटा नव्हता. बेंबीभोवती हिंग लावून झाला. ओव्याची पुरचुंडी शेकून झाली. मीठमोहऱ्यांनी दृष्ट इतक्या वेळा काढली की मीठ संपलं. संकठादेवीची ओटी भरली. तीन घरं सोडून राहणाऱ्या पद्माआजी रोज येऊन "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" एवढंच सांगून जात. यातून नेमकं काय करायचं ते त्यांनी कधीच उलगडून सांगितलं नाही. वेणीमाधवकाकांनी तर पाळण्याच्या डोक्याकडच्या पायांखाली घालायला दोन विटा स्वतः वाहून आणल्या. शेवटी कालिंदीने शालीत पोर गुंडाळली आणि म्हणाली, "अहो, चला. आता देवाला परेशान करणं पुरे झालं."

मैदागिनला डॉक्टर देवयानींचा दवाखाना आहे. त्यांनी इरावतीला तपासलं, वजन केलं, आणि विटांची हकीगत ऐकून चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"गुरुजी, थोड़ी उल्टी तो सब बच्चे करते हैं. इसका मामला अलग है. पेट का एसिड ऊपर आ रहा है, खाने की नली जल रही है. भूख है, पर पीती है तो जलता है. समझे?"

यज्ञेशला समजलं. आपल्या पोरीला जळतंय आणि आपण तिच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळत होतो, हे त्याला फारच नीट समजलं.

औषधाचे थेंब लिहून मिळाले. दूध थोडं थोडं पण वारंवार, दिवसाकाठी दहा-अकरा वेळा. झोपवायचं ते पाठीवर, सपाट गादीवर, डोक्याखाली उशी नाही, पाळण्याखाली विटा तर नाहीतच. आणि मुख्य गोष्ट अशी की प्रत्येक वेळी दूध झाल्यावर पोरीला खांद्याशी उभं धरायचं. "पूरे तीस मिनट. बीस नहीं, पचीस नहीं. माँ सोएगी, वह बहुत थकी है. आप पकड़ेंगे." मग त्यांनी कागदावर एक आकडा लिहून त्याभोवती गोल काढला. आज तीन किलो आठशे ऐंशी. मध्ये सातव्या दिवशी एकदा दाखवून जायचं, आणि पंधरा दिवसांनी चार किलो दोनशे झालं पाहिजे. नाही झालं तर दवाखान्यात भरती, नाकातून नळी, नळीतून दूध.

घरी येईपर्यंत यज्ञेशच्या डोळ्यांपुढून ती नळी हलत नव्हती.

आता अकरा वेळा अर्धा अर्धा तास पोर धरायची म्हणजे पाठशाळेतून रजा हवी. पाठशाळेचे सचिव सुमंतराव हे नियमाचे पक्के. दाढदुखीची रजासुद्धा ते दाढेचा क्रमांक विचारून देतात. त्यांनी रजेचा छापील अर्ज पुढे केला. अर्जात कारणं तीनच छापलेली होती. सुतक, सोयर आणि घसा.

"सोयरावर खूण करा," सुमंतराव म्हणाले, आणि लगेच स्वतःच थांबले. "पण सोयर दहा दिवसांचं. आपली कन्या अडीच महिन्यांची. ते फिटलं."

"सुतक तर नाहीच," यज्ञेश घाईघाईने म्हणाला.

"देव करो आणि न लागो. मग राहिला घसा."

बापाने लेकरू सांभाळायला रजा घ्यावी ही कल्पना ज्यांनी अर्ज छापला त्यांच्या स्वप्नातही आली नसणार. यज्ञेशने आयुष्यात खोटं बोलल्याचं त्याच्या आईलाही आठवत नव्हतं. परंतु नळी पुन्हा डोळ्यांपुढे आली. त्याने घशावर खूण केली आणि शोभेसाठी थोडा खोकला. पंधरा दिवसांची रजा मंजूर झाली.

दुसरा प्रश्न वेळेचा. अर्धा तास झाला हे कळायचं कसं? हात दोन, आणि दोन्हींत इरा. कालिंदी डॉक्टरांच्या हुकमानुसार दूध पाजलं की झोपणार. आणि घड्याळाविषयी यज्ञेशला पहिल्यापासून थोडी तुच्छताच होती. मनगटावर त्याने ते कधी बांधलं नाही. पाठशाळेत मधली सुट्टी त्याच्या पाठावर होत असे. रुद्राचा पहिला अनुवाक, म्हणजे अकरा भागांतला पहिला, त्याने घनात म्हणून संपवला की अर्धा तास, मुलांनी खुशाल उठावं. एकदा कुणीतरी ताडून पाहिलं होतं, तेव्हा जेमतेम दहा सेकंदांचा फरक निघाला, आणि तो घड्याळाचा असावा असंच सर्वांचं मत पडलं. तेव्हा यज्ञेशने ठरवलं की दूध झालं की पोर खांद्यावर घ्यायची आणि पहिला अनुवाक घनात सुरू करायचा. पाठ संपला की पोर गादीवर. वेदसेवाही झाली आणि वेळही मोजली गेली.

पहिल्याच दिवशी शास्त्राची अडचण उभी राहिली. अंगावर गुळणी पडली की पाठ कसा म्हणायचा? ओवळ्याने वेद म्हणायचा नाही. म्हणून यज्ञेशने आंघोळ केली. मग पुढचं दूध, पुढची गुळणी, पुढची आंघोळ. माघ महिना, काशीत असं धुकं की पलीकडच्या घाटावरचा माणूस शिंकला तर ऐकू यावा पण दिसू नये. त्या दिवशी त्याच्या नऊ आंघोळी झाल्या. दहाव्या वेळी दात वाजत असताना वेणीमाधवकाका आले आणि खिडकीतूनच निवाडा देऊन गेले. "अरे वेड्या, उष्टावण झालं नाही तोवर पोराला कसलं सोवळं नि ओवळं? तिचं दूध म्हणजे तीर्थ समज!" हे कुठल्या ग्रंथात आहे ते यज्ञेशने विचारलं नाही. त्याला तो ग्रंथ एकदम पटला.

झालं. दुर्गाघाटावर यज्ञेशच्या खिडकीतून दिवसातून अकरा वेळा रुद्राचा घन ऐकू यायला लागला. आणि इथेच घोटाळा झाला. दुसऱ्या कुठल्या गावात असता तर शेजारी म्हणाले असते, बापाला वेड लागलं. पण दुर्गाघाटावर लोक रुद्र मोजतात. पद्माआजींनी माळ घेऊन मोजला. सकाळपासून अकरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा अकरा. अकरा आवर्तनं झाली की रुद्राची एकादशणी होते; रुद्र आणि अकरा या दोन गोष्टी एका ठिकाणी आल्या की आपल्या मंडळींना तिसरं काही सुचत नाही.

"मोठं अनुष्ठान धरलंय यज्ञेशने," वेणीमाधवकाकांनी जाहीर केलं. "यजमान कोण ते सांगत नाही. गुप्त असणार. कुणी मंत्रीबिंत्री असेल."

संध्याकाळपर्यंत दारात चार नारळ आले. एका गृहस्थांनी चिठ्ठीवर आपलं नावगोत्र लिहून "आमचाही संकल्प जोडून घ्यावा, मुलाची रेल्वेची परीक्षा आहे" अशी विनंती केली. यज्ञेश प्रत्येकाला सांगायला जाई की हे अनुष्ठान नाही, पण तेवढ्यात दूध होई आणि त्याला पाठ सुरू करावा लागे. पाठ सुरू झाला की बोलता येत नाही. तो नुसती मान हलवी. लोक ती मान आपापल्या सोयीने वाचत.

पाचव्या दिवशी त्याला राहवेना. डॉक्टरांकडे जायला अजून दोन दिवस होते. गल्लीच्या तोंडाशी सावजींचं मिठाईचं दुकान आहे, त्यांचा बर्फी तोलायचा काटा ग्रॅमसुद्धा दाखवतो. यज्ञेश इरावतीला घेऊन तिथे उभा राहिला. सावजींनी परातीवर स्वच्छ कागद अंथरला, पोर ठेवली आणि आकडा वाचला.

"चार किलो दू सौ साठ! बधाई हो गुरु, बिटिया त लड्डू हो गइल!"

यज्ञेशला ब्रह्मानंद झाला. वेणीमाधवकाका तिथेच जिलबी घेत होते. त्यांनी अनुष्ठान फळलं म्हणून तीच जिलबी गल्लीत वाटली. पुढच्या सात मिनिटांत बातमी ब्रह्माघाटापर्यंत गेली. घरी आल्यावर कालिंदीने सगळं ऐकून घेतलं, इरावतीला गादीवर ठेवलं आणि एकेक वस्तू काढायला लागली. आजोळचा लोकरीचा स्वेटर. त्याखालचा दुसरा स्वेटर. टोपरं. मोजे. पायांतले चांदीचे वाळे. कमरेचा ओला लंगोट. गादीच्या कडेला हा ढीग साठला आणि मध्ये पोर उरली ती केवढीशी, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी.

"हे सगळं तोललंत तुम्ही," ती म्हणाली.

दोन दिवसांनी डॉक्टरांच्या काट्यावर, उघड्या अंगाने, इरावती तीन किलो नऊशे पंधरा भरली. सात दिवसांत पस्तीस ग्रॅम. डॉक्टरांनी कागदावरच्या गोलात पेन टेकवून विचारलं, "गुरुजी, पूरे तीस मिनट?"

"एक अक्षर भी कम नहीं," यज्ञेश छाती पुढे काढून म्हणाला.

कालिंदीने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. पण बँकेत काम करणाऱ्या माणसाला समोरच्याच्या छातीवरून फार काही सिद्ध होत नाही हे माहीत असतं. घरी येऊन तिने दूध पाजलं, डोळे मिटून पडल्याचं सोंग केलं आणि पांघरुणात फोन लावून ठेवला. यज्ञेशने पाठ सुरू केला, संपवला, इरावतीला पाळण्यात ठेवलं. थोड्याच वेळात दूध नाकातोंडातून बाहेर आलं.

"अहो," कालिंदी उठून बसत म्हणाली, "एकोणीस मिनिटं."

"काय एकोणीस मिनिटं?"

"तुमचा अर्धा तास."

यज्ञेशला कुणीतरी भर सभेत पगडी उडवावी तसं झालं. "तुझा फोन पुढे पळतोय," तो म्हणाला.

"फोन सगळ्या देशाचा एकच वेळ दाखवतो."

"मग सगळा देश पुढे पळतोय. बारा वर्षं घातली आहेत मी, कालिंदी. त्या पाठाला अर्धा तास लागतो. तो माझ्या हातात नाही."

पुढच्या दुधाला फोन समोर ठेवून परीक्षा झाली. वीस मिनिटं. यज्ञेशने शेजारून भिंतीवरचं घड्याळ आणवलं. त्यानंतरच्या दुधाला दोन्ही घड्याळांनी मिळून अठरा मिनिटं सांगितली, कारण यावेळी तो रागावलेला होता. तीन साक्षी झाल्या. यज्ञेश खाली बसला. ज्याच्या पाठावर पाठशाळेची सुट्टी होते त्या माणसाने सात दिवस रोज अकरा वेळा आपल्या पोरीला दहा दहा मिनिटं कमी दिली होती.

कालिंदी हसली नाही. ती जवळ येऊन बसली. "तुम्ही इतकं भराभर कधीच म्हणत नाही. मला ऐकून ऐकून पाठ झालंय आता. काय होतं तुम्हाला?"

त्याने पंच्याची एक दशी ओढून काढली. मग म्हणाला, "तिच्या छातीत घरघर होते ना, ती मला इथे लागते, खांद्यावर. लागली की वाटतं आता काढेल, आता तिला जळेल. त्याच्या आत पाठ पुरा करून टाकावा असं होतं. मी घाबरतो, कालिंदी. बिलकुल घाबरतो."

हे त्याने यापूर्वी कुणालाही सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. कालिंदीने फोनवर तीस मिनिटांचा गजर लावून देऊन पाहिला. तो एकदाच वाजला. इरावती दचकली, किंचाळली आणि पोटातलं होतं नव्हतं ते गजरावरच ओतून मोकळी झाली. तेव्हा यंत्राचा नाद सोडला. पुन्हा पाठच, पण आता सावकाश. नव्या मुलांना यज्ञेश शिकवतो तसा, एकेका स्वराला पाट देऊन बसवल्यासारखा. घरघर लागली की जीभ सुटायला बघे. मग तो त्याच शब्दावर श्वास घेई आणि पुढचा शब्द आणखी हळू म्हणे. पहिल्या वेळी चोवीस मिनिटं झाली. मग सत्तावीस. दुसऱ्या दिवशी सकाळी कालिंदीने डोळे न उघडता सांगितलं, "एकतीस." घनपाठाच्या परीक्षेत उतरला तेव्हा यज्ञेशला शाल मिळाली होती. त्या शालीपेक्षा या एकतिशीचा त्याला अधिक अभिमान वाटला.

आणि नेमकं त्याच दिवशी पाठशाळेचं पत्र आलं. खाकी पाकीट, वर लाल शाईत 'तातडीचे'. त्यात लिहिलं होतं की आपण घसा बसल्याच्या कारणाने रजेवर असताना राहत्या घरी दिवसातून अकरा वेळा घनपाठ करीत असल्याचे, तसेच अज्ञात यजमानासाठी विनापरवानगी अनुष्ठान चालवीत असल्याचे समजते. तरी आपल्यावर कारवाई का करू नये याचा लेखी खुलासा करावा. कुणाकडून समजते ते लिहिलं नव्हतं. पण वेणीमाधवकाका त्या दिवशी खिडकीकडे न बघता गेले.

खुलासा लिहायला कागद घ्यावा तर दूध झालं. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी सुमंतराव स्वतःच चौकशीला आले. बंद गळ्याचा कोट, काखेत फाइल. यज्ञेश तेव्हा ऐन पाठात होता, इरावती खांद्यावर. घन मध्ये तोडता येत नाही. त्याने डोळ्यांनीच नमस्कार केला आणि म्हणत राहिला. सुमंतरावांनी खोलीभर नजर फिरवली. कलश नाही, समई नाही. दोरीवर सतरा पंचे.

"यजमान कोण?" त्यांनी कालिंदीला हळू आवाजात विचारलं.

कालिंदीने यज्ञेशच्या खांद्याकडे बोट केलं. "ही."

सुमंतरावांनी फाइल उघडली, मिटली. काही वेळ ऐकलं. मग त्यांची भुवई चढली. "हा पहिलाच अनुवाक आहे. पुढचे?"

"पुढचे नाहीत. एवढाच."

"अकरा वेळा पहिलाच? आणि रुद्रामागून म्हणायचं ते चमक?"

"चमक पण नाही."

"अहो, मग हे कुठल्या पद्धतीचं अनुष्ठान?" सुमंतराव खरोखर दुखावले. विनापरवानगी अनुष्ठान एक वेळ त्यांनी पचवलं असतं. चुकीच्या पद्धतीचं त्यांना सोसवेना. तेव्हा कालिंदीने त्यांना सगळं सांगितलं. जळणारी अन्ननळी, तीस मिनिटं, चार किलो दोनशे, अर्जातली तीन कारणं. सुमंतराव ऐकत होते आणि पाठ चालूच होता. इरावतीच्या छातीत घरघर झाली. यज्ञेशच्या कपाळावर घाम आला, पण जीभ सुटली नाही. सुमंतरावांचा श्वास रोखलेला, हातातली फाइल छातीशी धरलेली. घरघर वर आली, घशाशी थांबली, आणि एक लहानशी ढेकर देऊन इरावतीने मान बापाच्या मानेत घातली. काही पडलं नाही.

"वा!" सुमंतरावांच्या तोंडून एकदम गेलं. पाठशाळेत त्यांनी ही दाद आजवर कुणालाही दिली नव्हती. मग ते उठले, कोट नीट केला आणि दारातून म्हणाले, "खुलासा मात्र लेखीच लागेल. नियम आहे."

यज्ञेशने रात्री खुलासा लिहिला. यजमान: कु. इरावती यज्ञेश मणेरीकर. संकल्प: वजन चार किलो दोनशे. कालावधी: पंधरा दिवस. दक्षिणा: रोज अंगावर मिळते. घसा उत्तम आहे. अर्जात खोटं लिहिलं त्याबद्दल क्षमा असावी, परंतु खऱ्यासाठी जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी फाइलवरचा शेरा आला. "घसा उत्तम असल्याची समक्ष खात्री केली. रजा पुढे चालू." आणि खाली, अर्जाच्या नव्या मसुद्यात, शाईने चौथं कारण घातलेलं: "अपत्य."

गल्लीला आता खरा प्रकार कळला. वेणीमाधवकाका दोन दिवस तोंड लपवून होते. तिसऱ्या दिवशी ते बाहेर पडले ते थेट कारभार हातात घेऊनच. "मग काय झालं? संकल्प तर आहे ना? मग अनुष्ठानच की!" पाठ सुरू झाला की गल्लीत अर्धा तास शांतता ठेवायची असं त्यांनी ठरवून टाकलं. कुकर लावायचे नाहीत. बैलाला हाकायचं ते हातवारे करून. एकदा वरातीची नाव घाटाला लागली आणि बँडवाल्याने कर्णा तोंडाला लावला, तर काका पायऱ्या उतरून गेले आणि त्याच्याशी असे काही बोलले की ती वरात दुसऱ्या घाटावरून चढली. ज्यांनी नावगोत्र दिलं होतं त्यांनी चिठ्ठी परत घेतली नाही. मुलगा रेल्वेत लागेलच, असं त्यांचं म्हणणं होतं.

पंधरावा दिवस आला. दवाखान्यात एका पेशंटबरोबर दोनच माणसं सोडतात, म्हणून बाकीचे नऊजण रस्त्यावर उभे राहिले. कालिंदीने स्वेटर, टोपरं, मोजे, वाळे, सगळं उतरवलं. डॉक्टर देवयानींनी पोर काट्यावर ठेवली. इरावतीने पाय झाडले, आकडा नाचला. यज्ञेशला त्या क्षणी एकही मंत्र आठवेना. चार किलो एकशे नव्वद. चार किलो दोनशे तीस. मग पोरीला स्वतःच्याच मुठीचं नवल वाटलं, ती मूठ बघत पडली आणि आकडा थांबला.

चार किलो दोनशे दहा.

"भरती नहीं करना है," डॉक्टर म्हणाल्या. "दवा चलेगी, तीस मिनट भी चलेगा. पर नली नहीं. शाबाश, गुरुजी."

यज्ञेश रडला. सगळ्यांच्या देखत, कंपाउंडरच्या देखत, लसीसाठी रांगेत असलेल्या नऊ बाळांच्या देखत. त्याला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

बाहेर आल्यावर त्याने रस्त्यावरच्या मंडळींना आकडा सांगितला, एकेक अंक तोडून, चार किलो दोनशे दहा. ज्या माणसाने आयुष्यात एक मात्रा इकडची तिकडे केली नव्हती तो असाच सांगणार. पण काळभैरवाच्या गल्लीत फुलवाल्याने विचारलं, "का गुरु, केतना भइल?" तेव्हा यज्ञेशच्या तोंडून निघालं, "सव्वा चार." ब्रह्माघाटाच्या कोपऱ्यावर सावजींच्या भावाला त्याने साडेचार सांगितलं. कालिंदी दोन पावलं मागून, पोर छातीशी धरून, सगळं ऐकत येत होती. बँकेत एका आकड्याची चूक निघाली तर ती संध्याकाळी सातपर्यंत कुणाला उठू देत नाही. पद्माआजी दारातच उभ्या होत्या. त्यांना यज्ञेशने बेधडक सांगितलं, "पाच होत आली."

आजींना ते पटलं नाही. त्यांनी शालीत डोकावून पाहिलं, मग कालिंदीकडे पाहिलं. "खरं सांग ग. पाच?"

कालिंदीने नवऱ्याकडे पाहिलं. तो गल्लीत छाती काढून उभा होता, धुतलेला पंचा खांद्यावर, डोळे अजून ओले.

"पाचच्या वर, आजी," ती म्हणाली.